वायूची पायली

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मेहकर तालुक्यात एका लग्नाला गेलो होतो. मांडवात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याचे शेत समृद्धी महामार्गापासून फार लांब नाही. मी बरीच वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे असे विद्यार्थी भेटले, की ख्यालीखुशाली झाल्यावर एखादी शंका हमखास निघते. त्याने विचारले, ‘‘सर, त्या रस्त्याच्या कडेनं ग्यासची नळी टाकली. उद्या तो ग्यास आपल्या घरात आला, तर मोजतीन कसा? दिसत नाही, हाताले लागत नाही. टाकीचं वजन तरी करता येते. याचं काय?’’

पंगतीची घाई होती, म्हणून मी त्याला दोन वाक्यांत उत्तर दिले. पण घरी येताना वाटले, की हा प्रश्न दोन वाक्यांत संपणारा नाही. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या दुकानदाराने हाच प्रश्न विचारला होता. आणि त्याच्याही आधीपासून आपल्या बाजारात उभा राहिलेला शेतकरी तोच विचारत आला आहे. माप कोणाचे, आणि ते खरे कशावरून?

मंडळी, आपल्या भाषेत ‘मापात पाप’ हे दोनच शब्द पुरेसे आहेत. त्यांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माझ्या लहानपणी घाटाखालच्या आमच्या गावात धान्य पायलीने मोजले जाई. मापारी पहिली पायली टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचा. मग दोन, तीन, चार. चार शेरांची पायली हे कोष्टक आम्ही शाळेत घोकलेले. पण कोष्टक सगळीकडे सारखे असले, तरी पायली गावोगावी वेगळी. शिवाय पायली शीग लावून भरायची की वर हात फिरवून सपाट करायची, हा वाद वेगळाच. ज्वारी ओली की वाळलेली, पायली हलवून भरली की अलगद, यावरही आत मावणारे दाणे बदलत. भांडे तेच, आत जाणारा माल मात्र कमीजास्त. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. गॅसच्या मीटरपाशी ते पुन्हा आपल्या कामी येणार आहे.

वऱ्हाडात हा वाद ज्वारीपेक्षा कापसात मोठा होता. खामगावची कापसाची बाजारपेठ एकोणिसाव्या शतकात एवढी वाढली, की १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत खास फाटा काढून रेल्वे आणली गेली. मुंबईमार्गे इथला कापूस थेट इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत जाऊ लागला. व्यवहार मोठा झाला, तसा काट्याचा प्रश्नही मोठा झाला. १८९७ साली वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी एक कायदा झाला. बाजार समितीच्या ताब्यात आला. दलाल, तोलारी, मापारी यांना परवाना घेणे भाग पडले. शेतमालाच्या बाजारावर नियम घालणारा देशातला हा आरंभीचा कायदा. आजच्या बाजार समित्यांचा तो पूर्वज म्हणायला हरकत नाही. कायद्यामागचा विचार अगदी साधा होता. विकणारा आणि घेणारा या दोघांपैकी कोणा एकाच्याच हातात माप असू नये.

आता हाच विचार मनात ठेवून आपण लंडनला जाऊ, कारण गॅसच्या मापाची कहाणी तिथे सुरू होते.

दगडी कोळसा बंद भांड्यात तापवला, की जळणारा वायू निघतो. १७९२ साली इंग्लंडमधल्या रेडरूथ गावी विल्यम मर्डॉक याने या वायूवर आपले घर उजळवले. १८१२ साली लंडनमध्ये गॅस विकणारी सनदी कंपनी उभी राहिली. रस्त्याखालून नळ गेले, दुकानांत दिवे लागले. पण विकायचे कशाच्या हिशेबाने? मापच नव्हते. तेव्हा दिवे मोजले जात आणि तास मोजले जात. अमुक एवढे दिवे, संध्याकाळपासून रात्री अमुक वाजेपर्यंत, वर्षाला एवढे पैसे, असा ठराव व्हायचा.

पुढे काय झाले असेल, हे आपल्याला सांगायला नको. कोणी ठरलेल्या वेळेनंतरही दिवा चालू ठेवी. कोणी ज्योतीचे भोक मोठे करून घेई. कंपनीची माणसे रात्री रस्त्याने फिरत, कोणाच्या खिडकीत उजेड आहे ते पाहत. आणि दुसऱ्या बाजूला, जो ग्राहक लवकर दिवा मालवून झोपे, त्यालाही पैसे पूर्णच द्यावे लागत. म्हणजे काटकसर करणाऱ्याच्या पदरात काही नाही, आणि उधळ्याला मोकळे रान. माप नसले की नुसती फसवणूकच होते असे नाही, शहाणपणाची किंमतही राहत नाही.

यातून १८१५ साली सॅम्युअल क्लेग याने पहिला गॅस मीटर काढला. क्लेग हा मर्डॉकच्याच हाताखाली तयार झालेला. त्याच्या मीटरमध्ये अर्ध्याहून अधिक पाण्यात बुडालेला एक गोल पिंप होता. पिंपाचे आत कप्पे पाडलेले. गॅस एका कप्प्यात शिरला, की तो कप्पा हलका होऊन वर येई, पिंप फिरे, आणि दुसरा कप्पा पुढे येई. पाण्याची मोट किंवा रहाट आठवा. इथे पाण्याऐवजी वायू आणि वायूला अडवायला पाणी. जॉन मालम याने पुढच्या काही वर्षांत त्यात सुधारणा केल्या. पिंपाचे फेरे मोजले, की गॅस किती गेला ते कळे.

पण या पाण्याच्या मीटरमध्येही पाप शिरायला जागा होतीच. पाणी हळूहळू उडून जाई. पातळी उतरली, की कप्प्यात गॅसला जागा जास्त मिळे. एका फेऱ्यात जास्त गॅस जाई, आणि आकडा मात्र तेवढाच पडे. नुकसान कंपनीचे. पातळी वाजवीपेक्षा वर गेली, की कप्पा लहान होई आणि नुकसान ग्राहकाचे. थंडीच्या दिवसांत पाणी गोठले, की दिवेच बंद. मीटर थोडा कलता करून ठेवला तरी माप बदले, हे ज्यांना कळायचे त्यांना लवकरच कळले.

म्हणून बिनपाण्याच्या मीटरचा शोध सुरू झाला. १८४०च्या दशकात विल्यम रिचर्ड्स आणि थॉमस ग्लोव्हर यांच्या हातून तो कामाचा झाला. आज पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर जो राखाडी डबा दिसतो, तो मुळात त्याच मीटरचा वारस. कातड्याच्या जागी कृत्रिम रबराचा पडदा आला, डबा लहान झाला, पण आतली युक्ती तीच राहिली. ती युक्ती समजायला लोहाराचा भाता डोळ्यांसमोर आणावा, किंवा भजनातल्या पेटीचा.

डब्याच्या आत दोन भाते असतात. भाता म्हणजे लवचीक पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कप्पा. असे दोन भाते मिळून चार कप्पे. गॅस पहिल्या कप्प्यात शिरतो आणि पडद्याला पलीकडे ढकलतो. पलीकडच्या कप्प्यात आधीच भरलेला गॅस त्यामुळे बाहेर पडून शेगडीकडे जातो. पडदा शेवटाला टेकला, की वरची सरकती झडप जागा बदलते. आता गॅस पलीकडून शिरतो आणि अलीकडचा कप्पा रिकामा होतो. एकाच भात्याने काम चालवले असते, तर पडदा उलटताना ज्योत फडफडली असती. म्हणून दुसरा भाता पहिल्याच्या अर्धा पाऊल मागे चालतो. एक टोकाला पोचून थबकतो, तेव्हा दुसरा भर वेगात असतो. म्हणून ज्योत स्थिर राहते.

दोन्ही भात्यांची ये-जा एका दांड्याला फिरवते, दांडा दातेरी चाकांना, आणि चाके आकड्यांना. याला वीज लागत नाही, घड्याळासारखी किल्ली लागत नाही. गॅस स्वतःच्या दाबाने स्वतःलाच मोजून देतो. हा दाब तरी केवढा? घरात येणाऱ्या गॅसचा दाब साधारण २१ मिलीबार असतो. म्हणजे वीतभर उंचीच्या पाण्याचा जेवढा दाब, जवळपास तेवढाच. घरगुती मीटरमध्ये चारही कप्पे एकदा भरून रिकामे झाले, की साधारण सव्वा लिटर गॅस जातो. एक मोठी शेगडी पूर्ण सोडली, तर तासाला दोनशे लिटरच्या आसपास गॅस लागतो. म्हणजे डाळ शिजत असताना डब्यातली ही फेरी मिनिटाला तीनेक वेळा पूर्ण होते. कान लावला तर ती हलकी कुरकुर ऐकू येते.

थोडक्यात, डब्याच्या आत एक मापारी बसला आहे. पायली भरतो, रिकामी करतो, आणि मोजतो. लाभ, दोन, तीन, चार. झोपत नाही, विसरत नाही.

पण मापाऱ्याची पायली खरी कशावरून? हा प्रश्न इंग्लंडमध्येही उठला, आणि १८५९ साली पार्लमेंटने गॅसविक्रीचा कायदा केला. गॅसचे माप कायद्याने ठरले. मीटर तपासून, शिक्का मारूनच बसवावा असे ठरले. त्या कायद्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. कोणतेही यंत्र तंतोतंत बरोबर नसते, हे कायद्याने मान्य केले. मग चूक किती चालेल? मीटर दोन टक्क्यांपर्यंत जास्त दाखवला तर चालेल, आणि तीन टक्क्यांपर्यंत कमी दाखवला तर चालेल. म्हणजे चूक कंपनीच्या बाजूने झाली तर दोनची सवलत, ग्राहकाच्या बाजूने झाली तर तीनची. एका टक्क्याचे झुकते माप, पण ते घेणाऱ्याच्या पदरात. आपल्याकडे भाजीवाली तोलून झाल्यावर चार मिरच्या वरून टाकते, त्यातलाच हा प्रकार.

याच इंग्लंडमध्ये १८८०च्या दशकाच्या अखेरीस नाणे टाकायचे मीटर आले. एक पेनी आत टाकली की पेनीभर गॅस. मोठी अनामत भरू न शकणाऱ्या कामगारांच्या घरात गॅसची शेगडी या मीटरने नेली. आज आपण आधी पैसे भरून मग वापरायच्या ज्या मीटरांविषयी ऐकतो, त्यांची ही आजी.

आपल्या महाराष्ट्राचा या कहाणीशी संबंध जुना आहे. मुंबईच्या गोदीतले पारशी अभियंते अर्देशिर करसेटजी वाडिया यांनी १८३४ साली माझगावचे आपले घर आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. ते पाहायला खुद्द गव्हर्नर आले होते. हेच अर्देशिर पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. १८६२ साली बॉम्बे गॅस कंपनी स्थापन झाली आणि १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. कोळशापासून गॅस काढण्याचा तिचा कारखाना लालबाग-परळच्या भागात होता, आणि ‘गॅस कंपनी’ हे नाव लालबागला चिकटले. पुढे रस्त्यांवर वीज आली आणि गॅसचे दिवे मालवले.

स्वयंपाकघरात मात्र गॅस दुसऱ्या वाटेने आला. १९५५ साली मुंबईत टाकीतला गॅस विकायला सुरुवात झाली. हा गॅस दाबाखाली पातळ करून भरलेला, त्यामुळे तो किलोवर मोजता येतो. टाकीत १४.२ किलो. रिकाम्या टाकीचे वजन तिच्या गळ्याशी कोरलेले असते. ते वजा केले की हिशेब झाला. घरी टाकी आली की ती तोलून मागायचा हक्क आपल्याला आहे. आपण तो किती वेळा बजावतो, हा प्रश्न मी इथे स्वतःलाही विचारून घेतो.

१९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र सापडले. त्या समुद्रातला नैसर्गिक वायू उरणला किनाऱ्यावर आला. १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईच्या घरांत हा वायू नळाने जाऊ लागला. मग पुणे आणि इतर शहरे. हा वायू मुख्यतः मिथेन. तो टाकीतल्या गॅससारखा सहज पातळ होत नाही, म्हणून तो नळानेच द्यायचा आणि मीटरनेच मोजायचा. आता मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही गेलची वाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने आपल्या सिंदखेड राजा, मेहकर या भागातून जाते. त्या मोठ्या नळातला दाब प्रचंड असतो. तो टप्प्याटप्प्याने उतरवून, गावात वेगळे जाळे घालून मगच गॅस घरात येतो. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक चुली आजही टाकीवरच आहेत. म्हणूनच मीटर दारात येण्याआधी त्याची ओळख करून घेतलेली बरी.

आणि इथे मघाचे ते वाक्य पुन्हा येते. भांडे तेच, आत जाणारा माल मात्र कमीजास्त.

टाकीचे वजन केले, की आपण माल मोजतो. मीटर माल मोजत नाही, तो जागा मोजतो. एक घनमीटर जागेतून किती वेळा गॅस गेला, एवढेच त्याला कळते. आणि वायू हा मोठा लवचीक पदार्थ. तापला की फुगतो, दाबला की आकसतो. आपला जिल्हा तर या बाबतीत अगदी धडा शिकवायला बसल्यासारखा आहे. अर्धा घाटावर, अर्धा घाटाखाली. मलकापूर, शेगाव, खामगाव हा घाटाखालचा भाग समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास. बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटरवर. वर गेले की हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे घाटाखालच्या एक घनमीटरात जेवढा वायू मावेल, त्यापेक्षा बुलढाण्याच्या एक घनमीटरात सुमारे चार टक्के कमी मावतो. मुंबईशी तुलना केली, तर सुमारे सात टक्के कमी.

आता उन्हाळा धरा. गॅसचे प्रमाण माप १५ अंश तापमान आणि समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब धरून ठरवलेले असते. १५ अंशांचा वायू ४० अंशांवर गेला, की तो साडेआठ टक्क्यांहून थोडा जास्तच फुगतो. वैशाखात उन्हाने तापलेल्या भिंतीवरचा मीटर असेल, तर हा फरक पडणारच. दोन्ही हिशेब एकत्र केले, तर बुलढाण्यात ४० अंशांवर मीटरने १०० घनमीटर दाखवले, तरी प्रमाण मापाने गॅस गेला ८७ घनमीटरच्या जवळपास. मीटर खोटे बोलला नाही. त्याने पायली प्रामाणिकपणे भरली. पण दाणे विरळ होते. उलट, डिसेंबरच्या थंड पहाटे समुद्राकाठच्या गावात १५ अंशांवर हाच मीटर ग्राहकाला दोन टक्के जास्त देऊन टाकतो.

यावर जगात उपाय झालेले आहेत. ब्रिटनमध्ये बिल काढताना मीटरच्या आकड्याला १.०२२६४ या ठरावीक संख्येने गुणतात. ती काढताना ६६ मीटर उंची आणि १२.२ अंश तापमान सरसकट धरलेले असते. जर्मनीत गाव किती उंचीवर आहे हे पाहून गुणक ठरतो आणि तो बिलावर छापलेला असतो. दोन्हीकडे अखेरचे बिल निघते ते गॅसमधल्या उष्णतेवर, कारण आपण विकत घेतो ती जागा नव्हे, ऊब. तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारे मीटरही मिळतात. ध्वनिलहरींवर चालणारे नवे मीटर आले आहेत, त्यांत भाता नाही, चाक नाही. पण वायूचा दाब आणि तापमान यांचा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही. पायली बदलली, दाणे तेच.

मग घरात मीटर आला की काय करायचे? तीन गोष्टी. पहिली, मीटर वाचायला शिकायचे. काळे आकडे पूर्ण घनमीटरांचे, लाल आकडे त्याच्या अपूर्णांकांचे. बिल काळ्यांवरून निघते. घरातल्या शाळकरी मुलाला दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी आकडा वहीत लिहायला सांगावे. त्याचे गणितही होईल आणि घराचा हिशेबही. दुसरी, सगळ्या शेगड्या बंद करून लाल आकडा पाहायचा. अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचा. तो हलला असेल तर कुठेतरी गळती आहे. मग मुख्य चावी बंद करायची, खिडक्या उघडायच्या आणि कंपनीला कळवायचे. तिसरी, बिलावरचा घनमीटर मीटरवरचा की प्रमाण मापाचा, आणि मधला गुणक कोणता, हे विचारायचे. विचारणे म्हणजे संशय घेणे नव्हे. टाकीच्या हिशेबाशी ताळा घालायचा असेल, तर १४.२ किलोच्या टाकीतली उष्णता साधारण १८ प्रमाण घनमीटर नैसर्गिक वायूइतकी, एवढे लक्षात ठेवावे.

१९५८ सालच्या ऑक्टोबरात देशात किलोग्रामचे वजन चालू झाले, तेव्हा बाजारात पुष्कळ गोंधळ झाला. शेर-छटाकावर वाढलेली माणसे नव्या वजनाकडे संशयाने पाहत. पण नव्या वजनाचा एक मोठा गुण होता. ते मलकापुरात आणि मद्रासेत सारखेच होते. गावोगावची पायली मोडीत निघाली, ती कोणाच्या हुकमापेक्षा या एका गुणामुळे, असे मला वाटते. ज्याला दोघेही पक्ष तपासून पाहू शकतात, तेच खरे माप.

त्या विद्यार्थ्याला मी फोन केला आणि हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, ‘‘म्हणजे सर, मापारी डब्यात बसलेला असला, तरी त्याच्यासमोर आपल्यालेच बसा लागते.’’

मला वाटते, दोनशे वर्षांचा इतिहास त्याने माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितला.